ठसेकाकांचं फडकं

ठसेकाकांचं खरं नाव त्यांच्या हजेरीच्या कार्डावर छापलेलं होतं, पण हजेरीचं यंत्र सोडलं तर ते वाचायचे कष्ट कुणी घेत नसे. पंपांसाठी ओतीव लोखंडाची कवचं बनवणाऱ्या त्या कारखान्यात ते एकोणतीस वर्षांपूर्वी ठसे मारायला लागले, आणि आठवड्याभरात त्यांचे ठसेकाका झाले. तेव्हा त्यांचं वय काका म्हणण्याचं मुळीच नव्हतं. पण काही माणसं जन्माला येतानाच काका म्हणून येतात, त्याला कोण काय करणार?

काम साधं होतं. प्रत्येक कवचावर अंगठ्याएवढी एक गुळगुळीत जागा ठेवलेली असे. तिथे आकडे ठोकायचे. कवच कुठल्या भट्टीतलं, कुठल्या दिवशीचं, कुठल्या पाळीचं, ते त्या आकड्यांवरून कळायचं. उद्या कुठे पंप तडकला तर दोष कुणाचा हे शोधायला सोपं. त्यासाठी काकांकडे पोलादी ठशांचं एक लाकडी खोकं होतं. त्यात दहा आकड्यांसाठी नऊच ठसे, कारण सहा उलटा धरला की नऊ होतो. खोकं पहिल्यांदा उघडणारा प्रत्येक नवा माणूस "काका, एक ठसा हरवलाय" म्हणून बोंब मारायचा. काका त्याला दिवसभर तो ठसा शोधू द्यायचे. एवढी एकच करमणूक त्यांना त्या नोकरीत होती.

बाकी सगळं गांभीर्यानं. ठसा सरळ धरायचा, हातोडीचा घाव एकच. दुसरा घातला की आकड्याला सावली पडते. आणि शेवटी खिशातलं तेलकट फडकं काढून त्या जागेवरून एकदा दाबून फिरवायचं. फडक्यातलं काळं तेल खाचांत जाऊन बसलं की आकडा असा उठून दिसायचा, की चष्मा घरी विसरलेल्या माणसानंही वाचावा. फडकं फिरवलं नाही तर ठसा पुरा झाला असं काका मानतच नसत. जेवण झाल्यावर हात न धुता उठणारा माणूस आणि फडकं न फिरवता कवच पुढे ढकलणारा माणूस, दोघांकडे ते एकाच नजरेनं बघायचे.

पुढे यंत्र आलं. त्यात एक कठीण टोकाची सुई होती आणि ती लोखंडावर भराभर चोची मारत जायची. ठिपक्याला ठिपका लागून आकडा तयार. यंत्र दिसलं की नाक मुरडणाऱ्यांपैकी काका नव्हते. त्यांनी ते शिकून घेतलं, रोज पुसलं, सुटी झाली की त्याच्यावर स्वच्छ कापड घातलं. यंत्रानं आकडा काढला की काका खिशातून फडकं काढत, दाबून फिरवत आणि मगच कवच पुढे ठेवत. यंत्रानंही कधी तक्रार केली नाही.

सहा महिन्यांपूर्वी मात्र सगळं फिसकटलं. कवचं घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं कळवलं, आकडे नकोत. ठिपक्यांचा चौकोनी कोड हवा. नखाएवढा चौकोन, त्यात अठरा आडव्या ओळी, अठरा उभ्या, दोन बाजूंना सलग कुंपण आणि आत मुंग्या सांडल्यासारखे ठिपके. माणसाला त्यातलं अक्षर कळत नाही. तो वाचायला पिस्तुलासारखं एक यंत्र मिळालं. चौकोनावर रोखून चाप ओढला की कोड वाचता आला तर हिरवा दिवा, नाही आला तर लाल.

"एकोणतीस वर्षं मी लिहिलेलं मला वाचता येत होतं," काका घरी म्हणाले. "आता मीच लिहायचं आणि मलाच कळायचं नाही. हे डॉक्टरांना शोभतं, मला नाही."

त्यांची बायको दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर बसते. ती म्हणाली, "मी डॉक्टरांचं वाचते रोज. आणा तुमचं काय ते, बघते."

काकांनी एक बाद झालेलं कवच खरंच घरी आणलं. ती चष्मा वर-खाली करत दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "जेवणानंतर दोन गोळ्या."

हसण्यावारी न्यावं अशी गोष्ट तिथपर्यंतच होती. कारण तीन महिन्यांपूर्वी त्या मोठ्या कंपनीनं आपल्या दारात एक कॅमेरा बसवला. प्रत्येक कवच त्याच्याखालून जायचं, कोड वाचला गेला तर आत, नाही तर परत. आणि काकांच्या टेबलावर पिस्तुलाखाली शंभरातली शंभर कवचं हिरवी असायची, तीच तिथे पोचली की सहा-सात लाल व्हायची. आठवड्याला एक गाडी ती घेऊन परत यायची. काका परत आलेलं कवच हातात घ्यायचे, प्रवासाची धूळ म्हणून आधी फडक्यानं लख्ख पुसायचे आणि मग पिस्तूल रोखायचे. लाल.

"काका, सात टक्के," असं गुणवत्ता विभागाचे साहेब दर सोमवारी येऊन म्हणायचे. त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणत. हा माणूस जिना चढतानाही किती टक्के चढलो ते सांगेल अशी त्याची ख्याती होती.

"साहेब, इथून हिरवं जातंय."

"पण तिथे लाल होतंय."

"मग वाटेत काय होतं ते गाडीला विचारा."

गाडीला कुणी विचारलं नाही. विचारलं ते टाकीवाल्याला. कवचं ठशाच्या टेबलावर यायच्या आधी धुण्याच्या टाकीतून जात, आणि ती टाकी सांभाळणारा गडी अतिशय गरीब स्वभावाचा. "धुण्यात तेल राहतं" म्हणून त्याला दोनदा सर्वांसमोर बोलणी बसली. तो बिचारा पाणी आणखी गरम करायचा, साबण आणखी घालायचा. त्याच्या हातांची सालं निघाली, पण लाल काही कमी होईना.

अशात काकांची दाढ दुखायला लागली. ती काढायला त्यांनी दोन दिवस रजा घेतली, आणि त्यांच्या जागी टेबलावर बसला निवांत. निवांत म्हणजे कारखान्यातला सर्वांत आळशी माणूस, चाळिशीचा, दोन पोरांचा बाप. उभं राहण्यापेक्षा टेकणं बरं आणि टेकण्यापेक्षा बसणं बरं, असं त्याचं एकूण धोरण होतं. काकांनी रजेवर जाताना त्याला पंचवीस सूचना दिल्या. त्यानं पंचवीस वेळा मान हलवली आणि एकही ऐकली नाही.

काका सुजलेला गाल घेऊन परत आले तेव्हा टक्केसाहेब टेबलापाशीच उभे होते.

"काका, त्या दोन दिवसांच्या मालात लाल किती आले सांगा."

"वीस टक्के?" काका आशेनं म्हणाले.

"शून्य. शून्य टक्के, काका."

काकांची ती दाढ काढताना भूल दिली होती. आता मात्र भूल न देताच कुणी आणखी एक उपटली असं त्यांना झालं. पण साहेबांचं बोलणं संपलं नव्हतं. "हे बघा, वरून निरोप आलाय. शुक्रवारी पाचशे कवचं पाठवायची आहेत. तुमच्या हातची. त्यात एक जरी लाल आलं तर कोड मारायचं काम बाहेर देणार. लेझरवाला तयार बसलाय. तुम्हाला पॅकिंगला घेऊ."

काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. पॅकिंगला काम म्हणजे कवचं तेलकागदात गुंडाळायची आणि खोक्यात भरायची. त्यात वाईट काहीच नाही. पण या टेबलावरून नोकरी सुरू झाली, याच टेबलावरून संपावी, एवढं एकच मागणं काकांनी आयुष्याकडे केलं होतं. तेही मनात. कुणाला सांगायला गेलं तर हसतील.

साहेब गेल्यावर त्यांनी निवांतला गाठलं.

"तू काय केलंस रे त्या दोन दिवसांत?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काका, तुम्ही मला ओळखता ना? कवच ठेवलं, बटण दाबलं, पिस्तूल मारलं, कवच उचललं. मधे चहा."

"सुई बघितलीस?"

"कुठली सुई?"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर मान मोडून काम करावं आणि यश यावं ते कुठली सुई विचारणाऱ्याला!

सोमवार-मंगळवार त्यांनी जिवाचं रान केलं. सुई बदलली. कवच पकडणारा शिकंजा घट्ट केला. पाणसळ आणून टेबल सपाट आहे का ते बघितलं. यंत्राचा वेग निम्म्यावर आणला. भिंग लावून ठिपके मोजले. तीनदा मोजले, तिन्ही वेळा वेगळे भरले. आणि प्रत्येक कवच नेहमी एकदा पुसायचे ते दोनदा पुसलं, तेही चांगलं दाबून. मंगळवारच्या मालात शंभरातली अकरा लाल आली.

"काळजी घेतली की बिघडतं, नाही घेतली की सुधारतं," संध्याकाळी जेवताना ते म्हणाले. "हा कुठला न्याय?"

"अहो, ताट तरी नीट बघून जेवा," बायको म्हणाली. "पाणी ओतलंत भातात."

"आता पॅकिंगला जायचं तर दात नसलेलाच बरा. तेलकागद दातांनी तोडायला नको."

"तुम्ही एकदा तिकडे जाऊन स्वतः का बघत नाही? आमच्या खिडकीवर औषध चुकलं तर आम्ही पेशंटलाच विचारतो, काय होतंय ते. घरात बसून चिठ्ठी उलटीसुलटी करत नाही."

काकांना हा सल्ला आवडला. म्हणून त्यांनी तो आवडल्याचं दाखवलं नाही. पण बुधवारी सकाळी मालाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून ते मोठ्या कंपनीत गेले.

तिथे तो कॅमेरा सांभाळणारी इंजिनिअर बाई होती. तिशीची, केस पेनानं वर खोचलेले, बोलणं तुटक. "काका, इथे उभे राहा. हात लावू नका," तिनं पहिलंच वाक्य टाकलं. काका मनात म्हणाले, चला, इथेही टक्केसाहेबांची बहीण आहेच.

कवचं पट्ट्यावरून येत होती. हिरवं, हिरवं, हिरवं, लाल. बाईंनी पट्टा थांबवला आणि लाल आलेल्या कोडचं चित्र पडद्यावर मोठं केलं. नखाएवढा चौकोन परातीएवढा झाला.

काकांनी आपलं काम एवढं मोठं झालेलं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. बघितलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठिपके निम्मेअधिक बुजले होते. त्यांच्यावरून काळ्या तेलाचा एक फराटा गेला होता आणि त्या तेलावर दिव्याची चमक पडून पांढरे डाग उठले होते. सकाळी अंगणात सारवल्यासारखं सगळं दिसत होतं.

"आता हे बघा, गेल्या आठवड्यातलं, जे नीट आलं होतं," बाई म्हणाल्या. पडद्यावर दुसरा चौकोन आला. निवांतचा. एकेक ठिपका वेगळा, कडा कोरलेल्या, मधलं लोखंड कोरडं आणि स्वच्छ. "आमचा कॅमेरा ठिपक्यांच्या खड्ड्यांत पडणारी सावली वाचतो. खड्डाच भरला तर वाचणार काय? तुमच्याकडे धुताना तेल राहतंय काका. मी अहवालात तेच लिहिते."

त्या टंकायला बसल्यासुद्धा. काका पडद्याकडे बघत राहिले. काळ्या फराट्यात एक बारीक निळा धागा अडकला होता. परातीएवढ्या चित्रात तो दोरीएवढा दिसत होता. काकांनी तो बघताक्षणी ओळखला. तो शर्ट त्यांनी सहा वर्षं घातला होता. कोपरावर विरला तेव्हा बायकोनं फाडून त्याची चार फडकी करून दिली होती, आणि चारातलं तिसरं आत्ता त्यांच्या खिशात होतं.

त्यांच्या लक्षात सगळं एका दमात आलं. पिस्तूल आधी, फडकं नंतर. म्हणून इथे हिरवं, तिथे लाल, आणि तेही फडक्याचा तेलानं ओथंबलेला कोपरा ज्यांच्यावरून फिरला तेवढ्यांवरच. निवांतनं पुसलं नाही, कारण निवांत स्वतःचं नाकही कुणी सांगितल्याशिवाय पुसत नाही. आणि आपण मात्र कामाला शेवटचा हात म्हणून रोज, पाळीभर, स्वतःच्या हातानं ते काम खराब करत होतो.

गप्प बसणं सोपं होतं. अहवालात टाकीवाल्याचं नाव जाणार. उद्यापासून आपण फडकं घरी ठेवायचं, शुक्रवारी पाचशे हिरवी, गुण टाकीतल्या जादा साबणाला. कुणाला पत्ता लागणार नव्हता. काकांनी हा विचार पूर्ण केला, त्याचा त्यांना मोह झाला, आणि मग टाकीवाल्याचे सोललेले हात आठवून त्यांना स्वतःचाच राग आला.

"मॅडम, लिहू नका," ते जरा मोठ्यानंच म्हणाले. "तो शर्ट माझा आहे."

"कुठला शर्ट?"

काकांनी खिशातून फडकं काढून दाखवलं. बाईंना काही कळलं नाही. मग काकांनी निवांतच्या मालातलं एक कवच मागून घेतलं, कॅमेऱ्याखाली ठेवलं. हिरवं. उचललं, त्याच्यावरून फडक्याचा तेलानं ओथंबलेला कोपरा नेहमीसारखा फिरवला, एकदाच, दाबून, आणि परत ठेवलं. लाल.

बाईंनी केसांतलं पेन काढलं. "हे तुम्ही प्रत्येकाला करता?"

"एकोणतीस वर्षं."

"कशासाठी?"

"नीट वाचता यावं म्हणून."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "काका, माणसाला वाचायचं असतं तेव्हा बरोबरच होतं ते," आणि अहवालात टाकीचं वाक्य खोडलं. काकांना गाडीत बसल्यावर वाटलं, तेवढं तरी त्या बोलायला नको होत्या. बोलणी खाणं सोपं गेलं असतं.

परत आल्यावर त्यांनी आधी टाकीवाल्याला सांगितलं. तो नुसता हसला आणि म्हणाला, "म्हणजे आता साबण कमी घालू ना काका?" टक्केसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातल्या कागदावर एक आकडा खोडून दुसरा लिहिला. मग म्हणाले, "म्हणजे शंभर टक्के तुम्हीच."

शुक्रवार उजाडला. फडकं काकांनी घरी ठेवलं होतं, पण हात घरी ठेवता येत नाही. पहिल्याच कवचाला सुई उचलली गेली आणि उजवा हात आपसूक खिशाकडे गेला. खिसा रिकामा बघून तो परत आला आणि अंगठ्यानंच पुसायला निघाला. शेवटी काकांनी निवांतला समोर बसवलं.

"माझा हात त्या चौकोनाकडे गेला की ओरड."

"बसून ओरडलं तर चालेल?"

"चालेल."

निवांतला आयुष्यात प्रथमच मनासारखं काम मिळालं. "हं!" तो म्हणायचा. "हं, काका! परत! अहो, अंगठा!" पहिल्या शंभरात तो एक्केचाळीस वेळा ओरडला, शेवटच्या शंभरात सहा वेळा. पाचशेवं कवच पुढे गेलं तेव्हा काकांचा उजवा हात दुखत होता. एरवी हजार कवचं पुसूनही दुखायचा नाही, तो न पुसण्यानं भरून आला होता.

दुपारी चारला फोन आला. पाचशेच्या पाचशे हिरवी. टक्केसाहेबांनी काकांशी हस्तांदोलन केलं आणि टेबल त्यांचंच राहील असं सर्वांसमोर सांगितलं. टाकीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. निवांतनं बसल्या बसल्या.

काकांनी घरी ही बातमी दिली तेव्हा बायको म्हणाली, "झालं ना मनासारखं? मग चेहरा असा का?"

"सोमवारी कळेल," काका म्हणाले. त्यांना एकोणतीस वर्षांचा अनुभव होता.

सोमवारी कळलं. यंत्राभोवती पारदर्शक प्लास्टिकची पेटी बसवली होती. कवच एका झडपेतून आत जायचं आणि दुसऱ्या झडपेतून सरळ पट्ट्यावर पडायचं. पेटीला कुलूप, किल्ली साहेबांकडे. भिंतीवर कागद: दोषाचं कारण, मानवी हस्तक्षेप. उपाय, मानवी हस्तक्षेप बंद. पेटी उघडायची असेल तर अर्ज भरायचा, त्यात कारण लिहायचं.

म्हणजे टेबल काकांचं राहिलं, पण त्याच्यावर करायचं काही राहिलं नाही. कवच आत ढकला, बटण दाबा. दोन दिवस काका तसे बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बटण दाबायचं थांबवलं आणि कान टवकारले. सुईचा आवाज बदलला होता. टणटणीत ऐकू यायचा तो जरा बसका येत होता, सर्दी झालेल्या माणसासारखा. पिस्तूल हिरवं दाखवत होतं. पण सुईचं टोक झिजत चाललं होतं, आणि पाच-सहाशे कवचांनंतर ठिपके उथळ पडणार होते, हे काकांना त्या आवाजात स्वच्छ कळत होतं.

त्यांनी अर्ज भरला. कारण या रकान्यात लिहिलं: सुईचा आवाज बसला आहे.

अर्ज अर्ध्या तासात परत आला. त्यावर साहेबांचा शेरा: आवाजाची टक्केवारी द्यावी.

काकांनी दुसरा अर्ज भरला. सुई झिजली आहे, आज बदलली नाही तर उद्या लाल येतील. तोही परत आला. शेरा: सध्या शंभर टक्के हिरवे. लाल आल्यावर बघू.

तिसरा अर्ज घेऊन काका स्वतःच साहेबांच्या खोलीत गेले. तो कोराच होता.

"काका, हे काय? कारण लिहिलं नाही."

"लिहून झालं, साहेब. दोनदा. आता तुम्ही चला."

"कुठे?"

"ऐकायला."

काकांचा आवाज असा होता की साहेब उठले. पेटीपाशी येऊन त्यांनी मान वाकडी करून प्लास्टिकला कान लावला. काकांनी एक कवच आत ढकललं, बटण दाबलं. सुईनं चौकोन भरला. पट्ट्यावर कवच पडलं, पिस्तुलाखाली हिरवं.

"मला तर काही कळत नाही," साहेब म्हणाले. "नेहमीसारखंच आहे."

"नेहमीचा तुम्ही कधी ऐकलाय?"

साहेबांनी प्लास्टिकवरून कान काढला. काकांनी आपलं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. एकदा ऐकून नाही कळायचं. मी कवचं टाकतो."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग काकांकडे, आणि ते बसले.